आधी कोरडं, मग ओलं

अरे, जोराची सर आली की तुमच्या हॉलच्या खिडकीतून पाणी आत येतं, कडप्प्यावरून ओघळून सोफ्यामागे साचतं, आणि आता तुम्ही दोघं काचेच्या कडेने सिलिकॉन भरायला माणूस शोधताय. थांबा जरा. स्लायडिंगच्या खिडकीत थोडं पाणी शिरणारच. खिडकी बनवणाऱ्यानेच ते गृहीत धरलेलं असतं. काचेवर आपटलेलं पाणी खाली उतरतं, ट्रॅकमध्ये जमतं, आणि ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला तळाशी जी भोकं ठेवलेली असतात त्यातून इमारतीबाहेर पडतं. ती भोकं बुजली की ट्रॅक भरतो, आणि भरलेला ट्रॅक घरात सांडतो. सिलिकॉन भरून घेतलंत तरी पाणी येत राहील. उलट भरणाऱ्याने हयगय केली तर तीच भोकं बुजवून जाईल.

तेव्हा ट्रॅक साफ करायचा तो पाण्याची वाट मोकळी राहावी म्हणून. हे एकदा मनात पक्कं धरलंस की कुठे जोर लावायचा आणि कुठे नुसतं फडकं फिरवायचं, ते तुझं तुलाच कळेल.

आमच्या आईकडे स्लायडिंग नव्हतं. लाकडी खिडक्या, उभे गज, कडी-कोयंडा. पण खिडकी पुसायला घेतली की तिचा एकच घोष असायचा, आधी कोरडं, मग ओलं. धुळीवर पाणी पडलं की चिखल होतो, आणि चिखल फटीत शिरला की तिथेच वाळून बसतो. ॲल्युमिनियमच्या ट्रॅकला हा नियम लाकडापेक्षाही जास्त लागू पडतो. हल्ली जो तो आधी स्प्रे मारतो. कचरा भिजतो, पाण्याबरोबर सरकत कोपऱ्यात जातो, आणि भोकं तर नेमकी कोपऱ्याजवळच असतात. म्हणजे साफ करता करता आपणच ती लिंपून टाकतो. काही घरांत दर आठवड्याला ट्रॅक पुसतात आणि तरी पावसात पाणी आत येतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

वर्षातून दोनदा हे काम मनापासून करायचं. एकदा मृगाआधी. मुंबई-ठाण्याला मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो असं हवामान खात्याचं वेळापत्रक आहे, पण वळवाच्या सरी त्याआधीच हजेरी लावतात, म्हणून मे संपायच्या आत उरकून घ्यायचं. दुसऱ्यांदा घटस्थापनेच्या आधी, घरातली बाकी आवराआवर चालते तेव्हा. तोवर पावसाचा गाळ बसलेला असतो आणि हवा कोरडी व्हायला लागलेली असते. मेमध्ये वेळ कमी असेल तर पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या खिडक्या आधी घे. आपल्याकडचा पाऊस त्या अंगाने झोडपतो. पूर्वेची बेडरूमची खिडकी आठवडाभर थांबली तरी चालेल.

सुरुवात जाळीच्या शटरपासून. ते हलकं असतं. दोन्ही हातांनी वर उचलायचं, खालची कड आपल्याकडे ओढायची, की सुटून येतं. काचेचं शटर मात्र एकट्याने काढायचं नाही, आणि ग्रिल नसलेल्या खिडकीचं तर मुळीच नाही. तुम्ही वरच्या मजल्यावर राहता. हातून शटर निसटलं तर खाली माणसं आहेत. काचेची शटरं आधी एका बाजूला सारायची, उघडा पडलेला अर्धा ट्रॅक साफ करायचा, मग दुसऱ्या बाजूला सारून उरलेला. एवढ्यानं काम होतं. बाहेर वाकून काही करायला जाऊ नकोस. बाहेरची बाजू हाताला येत नसेल तर राहू दे, आपलं काम आतून होतं.

आता ट्रॅकच्या कोपऱ्यातला तो करडा गठ्ठा नीट बघ. त्यात दोन थर असतात. वरचा मऊ. कपड्यांचे धागे, केस, कबुतराची पिसं, दिव्याला येऊन मेलेले किडे. खालचा कडक. गेल्या पावसात भिजून वाळलेली धूळ, इमारतीच्या कामाचा सिमेंटचा चुरा, आणि खिडकी रस्त्याकडे असेल तर गाड्यांची काजळी. मऊ थर व्हॅक्युमच्या नळीने किंवा एक इंची रंगाच्या ब्रशने निघतो. ब्रश जुना घे आणि त्याचे केस कात्रीने निम्मे कापून टाक. आखूड केस ताठ राहतात आणि खाचेत नीट चालतात. कडक थराला ब्रश पुरत नाही. त्याला खराट्याचा हीर घे. जाडसर हीर मधोमध मोडला की टोक तिरकं तुटतं, आणि ते टोक कोपऱ्याच्या अगदी टोकापर्यंत पोचतं. हीर धातूवर ओरखडा उठवत नाही, स्क्रू-ड्रायव्हर उठवतो. आइस्क्रीमची कांडी किंवा मुदत संपलेलं एटीएम कार्डही चालतं. सुरी मात्र स्वयंपाकघरातच राहू दे.

कोपरे उकरताना कधी मातीचा सुकलेला गोळा सापडतो. ते कुंभारमाशीचं घर. तिला अशी अरुंद भोकं फार आवडतात, आणि तिने एकदा मातीचा बोळा बसवला की पाण्याला जागा उरत नाही. माशी आसपास नाही ना बघून हिराने टोकरून काढ. पालीची पांढरी, गोल, कडक कवचाची अंडीही मिळतात. घाबरू नकोस, कागदावर घेऊन बाहेर कुंडीत ठेवून दे.

कोरड्याच्या नियमाला अपवाद एकच, कबुतराची विष्ठा. ती कोरडी झाडायची नाही. तिची भुकटी श्वासातून फुप्फुसात जाते आणि त्यातून दम्यासारखा, काहींना कायमचा राहणारा त्रास होऊ शकतो. आधी मास्क लाव, हातमोजे घाल, साबणाचं पाणी शिंपडून ती भिजू दे, मग वर्तमानपत्राच्या कपट्याने उचलून पिशवीत बांधून टाक. घरात कुणाला दमा असेल, लहान मूल असेल, तर तेवढा वेळ त्यांना दुसऱ्या खोलीत बसव.

कोरडं आटोपलं की भोकांकडे वळ. ट्रॅकच्या तळाशी डोळा लावून बघ. मोबाइलचा टॉर्च आडवा धरलास की दिसतात. काही खिडक्यांत ती गोल असतात, काहींत चपटी, लांबट. बहुतेक दोन्ही टोकांजवळ, आणि रुंद खिडकी असेल तर मध्येही. तीन ट्रॅकच्या खिडकीत, म्हणजे दोन काचा आणि एक जाळी असते तिथे, मधल्या उभ्या पट्ट्यांनाही खाली खाचा असतात. आतल्या नाळीतलं पाणी त्यातून मधल्यात जातं, मधल्यातलं बाहेरच्यात, आणि मग इमारतीबाहेर. एक जरी खाच बुजली तरी तिच्या आतलं सगळं पाणी अडतं. म्हणून नुसती बाहेरची भोकं बघून समाधान मानू नकोस, आतून बाहेर क्रमाने प्रत्येक बघ. साफ करायला बारीक हीर किंवा इअरबडची काडी. आतून बाहेर ढकलायचं. काही अडकलं तर दोन्हीकडे हलवून सैल करायचं, जोर करायचा नाही.

मग परीक्षा घ्यायची. खाली कुणाचे कपडे वाळत नाहीत ना ते आधी बघ. पेलाभर पाणी सर्वांत आतल्या नाळीत हळूहळू ओत आणि नुसता बघत राहा. पाणी थोडं चढेल, मग सरकायला लागेल, आणि बाहेरच्या भोकातून बारीक धार लागेल. मिनिटभरात नाळ रिकामी झाली पाहिजे. पाणी तसंच थांबून राहिलं तर एखादी खाच अजून बंद आहे. पाणी वाहतं पण एका कोपऱ्यात तळं राहतं, असंही होतं. तेव्हा खिडकी बसवतानाच ढाळ चुकलेला असतो. त्याला आपल्याकडे उपाय नाही. पावसाळ्यात तेवढं पाणी दर दोन-तीन दिवसांनी स्पंजने टिपून घ्यायचं. ते साचू देऊ नको. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला एवढंसं स्वच्छ पाणी पुरतं, आणि आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात.

आणि भोकंच सापडली नाहीत तर? तेही होतं. स्वस्तात काम उरकणारे ती पाडतच नाहीत. अशा वेळी ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याला बोलावून पाडून घे. काम फार थोड्या वेळाचं आहे. स्वतः ड्रिल घेऊन बसू नकोस. ट्रॅकच्या तळाला भोक पडलं तर पाणी भिंतीत उतरेल आणि खालच्यांच्या छताला ओल धरेल. भोक बाहेरच्या उभ्या कडेला पाडायचं असतं, तळाला नाही.

आता ओलं. इथे प्रत्येक खोलीचा मळ वेगळा, हे लक्षात घे. बेडरूमच्या ट्रॅकमध्ये नुसती धूळ असते. तिला कोमट पाणी आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब पुरे. सोडा, व्हिनेगर काहीही नको.

स्वयंपाकघराच्या खिडकीचं मात्र तसं नाही. फोडणीची वाफ वर जाते, तिच्यातलं तेल थंड ॲल्युमिनियमवर बसतं, त्यावर धूळ चिकटते, पुन्हा तेल, पुन्हा धूळ. काही महिन्यांनी त्याचा तपकिरी, चिकट लेप होतो, आणि बोट लावलं तर बोटालाच येतो. हा लेप घासून निघत नाही, आधी मऊ करावा लागतो. जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या हातभर लांब पट्ट्या फाड. कडकडीत पाण्यात लिक्विड घाल, पट्ट्या त्यात बुडव, चमच्याने काढून जरा निथळू दे आणि ट्रॅकच्या खाचेत लांबीने अंथर. दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू दे. ऊब आणि साबण मिळून तेल सुटं होतं. पट्टी उचललीस की निम्मा मळ तिच्याबरोबरच येतो. उरलेल्यावर खायच्या सोड्याची पेस्ट लाव, दोन चमचे सोड्याला चमचाभर पाणी, आणि जुन्या टूथब्रशने घास. खायचा सोडा सौम्य असतो, त्याचे कण मऊ असतात, त्यामुळे मळ निघतो आणि धातूवर चरे पडत नाहीत. पेस्ट वाळू द्यायची नाही. वाळली की पांढरी पूड फटीत बसते आणि ती काढणं हे दुसरं काम होऊन बसतं.

बाथरूमच्या खिडकीत पांढरे खडबडीत डाग दिसतात. ते जड पाण्याचे क्षार. त्यांना साबण लागत नाही, आम्ल लागतं. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण 4 ते 5 टक्के ॲसिटिक आम्ल असतं. त्यात तेवढंच पाणी मिसळ, कापसाने डागावर लाव, पाच मिनिटांनी घासून लगेच साध्या पाण्याने धू. लिंबाची फोडही तेच काम करते. पण रात्रभर लावून ठेवणं वगैरे नको. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो, आणि तो आम्लातही विरघळतो, अल्कलीतही.

म्हणूनच धुण्याचा सोडा ट्रॅकला लावायचा नाही. खायचा आणि धुण्याचा हे दोन वेगळे सोडे आहेत, डबा उचलताना वाचून उचल. ॲल्युमिनियमचं पातेलं धुण्याच्या सोड्याने घासलं की काळं पडतं, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. खिडकीही त्याच धातूची. टॉयलेटचं ॲसिड, सिंक तुंबल्यावर टाकतात ते कॉस्टिक, तांब्या-पितळेची पावडर, तारेची घासणी, यांतलं काहीही खिडकीजवळ नेऊ नकोस. आणि ब्लीच कशातही मिसळायचं नाही, व्हिनेगरमध्ये नाही, टॉयलेटच्या ॲसिडमध्ये तर नाहीच. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

सोडा आणि व्हिनेगर एकदम ओतून फेस आणायची हल्ली फॅशन आहे. फेस बुडबुड्यांमुळे येतो, ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे, आणि कोपऱ्यातला कचरा ते थोडा वर उचलतात. तेवढ्यापुरतं ते ठीक आहे. पण त्या गडबडीत आम्ल आणि सोडा एकमेकांना खाऊन टाकतात, मागे उरतं ते नुसतं खारट पाणी. तेलाला सोडा आणि क्षाराला व्हिनेगर असं वेगवेगळं, वेगळ्या वेळी वापरलंस तर दोन्हींचा पुरा गुण मिळतो. मी तरी तसंच करते.

पुसायला भांड्यांचा साधा स्पंज घे. कोरडा असतानाच तो ट्रॅकवर आडवा दाबून धर आणि जिथे जिथे उभ्या पट्ट्या येतात तिथे पेनाने खुणा कर. त्या खुणांवर ब्लेडने अर्ध्या जाडीपर्यंत चिरा पाड. आता तो स्पंज ट्रॅकवर बसवलास की प्रत्येक खाचेत त्याचं एकेक बोट उतरतं, आणि एका ओढीत तिन्ही नाळी पुसल्या जातात. स्पंज नेहमी मध्यातून टोकाकडे ओढायचा, आणि टोकाला पोचला की वर उचलून पिळायचा. नाहीतर गाळ पुन्हा भोकात जाईल. शेवटी साध्या पाण्याचा हात, आणि मग जुन्या बनियनच्या फडक्याने कोरडं. तू समुद्राजवळ राहत नाहीस, पण दादर-वरळीकडे किंवा रत्नागिरीला, गोव्याला किनाऱ्याकाठी राहणाऱ्यांनी साध्या पाण्याचा हा हात महिन्यातून एकदा तरी मारावाच. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नसलं तरी खाऱ्या हवेत त्याला बारीक खड्डे पडतात, आणि मिठाचा थर धुऊन टाकला तर ते टळतं.

खिडक्या यूपीव्हीसीच्या असतील तर सगळं हेच, फक्त पाणी कोमटच घ्यायचं आणि थिनर लावायचा नाही.

शटरच्या कडेला एक केसाळ पट्टी असते. धूळ आणि डास अडवायला. ती ओली करू नकोस, कोरड्या टूथब्रशने एकाच दिशेने विंचर. दबून सपाट झाली असेल तर बदलून मिळते.

खिडकी जड सरकते म्हणून लोक ट्रॅकमध्ये खोबरेल ओततात. लाकडी खिडकीच्या बिजागरीला ते चालायचं. इथे तेल दोन दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ बसते आणि स्वयंपाकघरासारखाच लेप तयार होतो. आमची आई कपाटाचा खण अडकला की खालच्या पट्टीला मेणबत्तीचं थुटूक घासायची. तेच इथे कर. ट्रॅक पूर्ण कोरडा झाल्यावर, चाक ज्या धारेवरून जातं तेवढ्याच धारेवर मेणबत्ती हलक्या हाताने एकदा फिरव आणि फडक्याने पुसून घे. मेण दिसायला नको. हाताला जरा गुळगुळीत लागलं की झालं. घरात सिलिकॉन स्प्रे असेल तर फडक्यावर मारून ते फडकं फिरव. ग्रीस, व्हॅसलीन, काही नको.

एवढं करूनही शटर खरखरत असेल तर चाकं बघ. ती शटरच्या खालच्या पोटात असतात, त्यांच्या दांडीला केस आणि दोरे गुंडाळले जातात. चिमट्याने ओढून काढ, नखकात्रीने काप. बऱ्याच खिडक्यांत शटरच्या उभ्या कडेला खाली एक छोटं भोक असतं, त्यातून स्क्रू फिरवला की चाक वर-खाली होतं. शटर ट्रॅकला घासत असेल तर दोन्हीकडचे स्क्रू थोडे थोडे फिरवून ते उचलून घे. दोन्हीकडे सारखं उचल, नाहीतर शटर तिरकं होऊन खिटी लागणार नाही.

इमारतीला बाहेरून प्लास्टर किंवा रंग निघाला की आधी सगळ्या ट्रॅकवर कागदी टेप लाव. ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं. ॲल्युमिनियमवर पडून वाळलं तर तो पांढरा डाग पुढे कशानेच जात नाही. पडलंच तर ओलं असतानाच भरपूर पाण्याने धुऊन टाक.

आणि चाक झिजलं असेल तर खिडकीवाल्याला नुसतं चाक बदलायला सांग. काही जण सरसकट नवीन खिडकी गळ्यात मारायला बघतात. ट्रॅकची धार दबली असली तरी तिच्यावर स्टीलची पातळ पट्टी चढवून मिळते, आख्खा ट्रॅक उखडायची गरज सहसा पडत नाही. चाक आणायला दुकानात स्वतः जाणार असशील तर जुनं चाक खिशात टाकून ने. सेक्शनप्रमाणे मापं वेगळी असतात, अंदाजाने आणलेलं बसत नाही.